नागपूर-मुंबई विमानात खिडकी घ्यायची तर एफ घ्या, जाताना पण आणि येताना पण

कामानिमित्त महिन्या-दोन महिन्यांनी माझी मुंबई होतेच, आणि खिडकीचे तीन-चारशे रुपये जास्तीचे मी दर वेळी भरतो. घरचे विचारतात, दीड तासाचं तर आहे, काहून भरतो? तर ऐका.

ए म्हणजे डावी खिडकी, एफ म्हणजे उजवी. मुंबईकडे जाताना विमान पश्चिमेला, थोडं दक्षिणेकडे झुकून जाते, म्हणजे एफवाल्याला उत्तर दिसते. दिवाळीच्या आगेमागे आणि हिवाळ्यात सकाळच्या फ्लाइटला ऊन डावीकडून येते, ए वाले थोड्या वेळात शटर खाली ओढून घेतात, आणि एफ वर डोळ्यात काही जात नाही, सगळा उजेड खालच्या जमिनीवर. सोनेगाववरून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, वाडीच्या बाजूनं उडालं तर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच उजवीकडे अंबाझरी तलाव, त्याच्या मागे फुटाळा तलाव, आणि अंबाझरीवरून नजर जराशी उजवीकडे आणली तर दीक्षाभूमीचा पांढरा घुमट. हे सगळं पटकन निघून जाते, तेव्हा मोबाईल आधीच हातात ठेवा.

ओळ कोणती, तर पंखाच्या पुढची. सीट मॅपवर इमर्जन्सी एक्झिट जिथं दिसते तिथं पंख असतो, त्याच्या चार-पाच ओळी अलीकडे-पलीकडे पैसे घालू नका. अगदी मागे पण पंख नसतो, पण इंजिनाची गरम हवा मागे येते त्यानं खालचं चित्र थरथरते, फोटो पुसट येतात. एटीआर, म्हणजे प्रोपेलरचं छोटं विमान, असलं तर टेन्शन नाही, त्याचा पंख खिडक्यांच्या वर असतो, खालचं बहुतेक सीटवरून मोकळं दिसते.

आता तक्रार. एकदा एका कंपनीनं माझ्याकडून खिडकीचे पैसे घेतले आणि बाजूला निघाली भिंत. खिडकी अर्धी पुढच्याच्या खांद्याशी, अर्धी मागच्याच्या. नंतर समजलं काहून होते ते. विमानाच्या खिडक्या साधारण २०-२१ इंचांवर असतात आणि सीटच्या रांगा २८-३० इंचांवर, मग जुळणार कशा? बोइंग ७३७ मध्ये तर पंखाच्या थोडं पुढे एखाद्या ओळीला खिडकीच नसते, एसीचे पाइप तिथून वर गेलेले असतात. हे कंपनीला माहीत असते ना, मग पैसे घ्यायच्या आधी सांगायला पाहिजे. मी कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की सीट खिडकीचीच आहे. तेव्हापासून ज्या ओळीत खिडकी बरोबर मिळाली तो नंबर आणि विमान कोणतं होतं ते मी लिहून ठेवतो.

मागच्या ऑक्टोबरात आई सोबत होती, तिला एफ वर बसवलं, मी मधे. खिडकीच्या मधल्या काचेला खाली टाचणीएवढं भोक असते, हवेचा दाब बरोबर राहावा म्हणून, त्याच्याभोवती बर्फाचं बारीक फूल जमलं होतं आणि आई बराच वेळ तेच पाहून राहिली होती. घाट जवळ आला तसे खाली पांढरे ढग लागले आणि ती एकदम म्हणाली, "अरे हे काय दिसून राहिलं?" ढगावर विमानाची इवलीशी सावली आणि तिच्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य, आमच्यासोबतच पळत होतं. हेच ते इंद्रवज्र, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ज्याच्यासाठी लोक पावसाळ्यात जाऊन बसतात. सूर्य पाठीशी आणि समोर खाली ढगातले पाण्याचे बारीक थेंब, तेव्हाच ते होते, म्हणून उन्हाच्या उलट्या बाजूच्या खिडकीतूनच दिसते. ए वाल्यांना त्या दिवशी काहीच दिसलं नसणार. आईनं माझा हात धरून ठेवला होता, ढग संपेपर्यंत सोडला नाही.

येताना दिशा उलटी होते, म्हणून एफ ला दक्षिण येते, आणि लोणार त्याच बाजूला आहे. आधी जायकवाडीचं पाणी लागते, ते एवढं मोठं आहे की चुकत नाही, मग उडाल्यापासून अर्धा-पाऊण तासाच्या आत हवा स्वच्छ असली तर दूर एक हिरवट गोल दिसते, बांगडी ठेवल्यासारखं. १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, उल्का आदळून झालेला. मला आतापर्यंत दोनदाच दिसलं, रूट आणि हवा दोन्ही जमावं लागते.

दिल्लीचं वेगळं, तिकडे सकाळी ए आणि संध्याकाळी एफ, कारण विमान उत्तरेला जाते. आणि दिल्लीहून पुढे बागडोगऱ्याला, म्हणजे दार्जिलिंगकडच्या विमानतळावर, जायचं असलं तर डोळे झाकून ए, हिमालय सगळा डावीकडे.

आईचं डिसेंबरचं मुंबईचं तिकीट काल काढलं. ६ एफ.