भाड्याच्या बिलावरचे बारा टक्के

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. माल पुणे, होसूर, फरीदाबादला जातो. स्वतःची गाडी नाही, त्यामुळे गाड्या लावून देणाऱ्या ब्रोकरशिवाय पान हलत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये असाच एक जण आला. दर बाजारापेक्षा थोडा कमी, वर गोड बोलणं. "शेठ, आरसीएमची कटकट कशाला? मी बारा टक्के लावून पक्कं बिल देतो. तुम्ही क्रेडिट घ्या, विषय संपला."

तोवर ट्रान्सपोर्टच्या भाड्यावरचा ५ टक्के जीएसटी आम्हीच भरायचो. कर ट्रान्सपोर्टवाल्याऐवजी गिऱ्हाईकाने भरायचा, हीच आरसीएम (रिव्हर्स चार्ज). साठलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला जो कर आपल्या विक्रीवरच्या करातून वजा होतो, ते त्याला चालत नाही, बँकेतून पैसे काढूनच भरावा लागतो. मला ती कटकटच वाटायची. खरं तर ४० हजारांच्या भाड्यावर २ हजार भरले की त्याच रिटर्नमध्ये क्रेडिट मिळायचं. ते सोडून मी त्याच भाड्यावर ४,८०० रुपये परक्या माणसाच्या हातात देऊ लागलो.

डिसेंबरपर्यंत सगळं सुरळीत. जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये फरीदाबादच्या फेऱ्या वाढल्या. त्या तिमाहीचं भाडं ९ लाख २० हजार, त्यावर कर १ लाख १० हजार ४००. प्रत्येक बिल टू-बीत, म्हणजे आपल्याला मिळू शकणाऱ्या क्रेडिटची जी यादी जीएसटी पोर्टल दाखवतं तिच्यात, दिसत होतं. टू-बीत आलं म्हणजे पैसे सरकारला पोचले, हे मी धरूनच चाललो होतो. तिथेच गंडलो. टू-बीत बिल येतं ते समोरच्याच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधून, म्हणजे 'अमक्याला बिल दिलं' एवढं त्याने कळवलं की झालं. पैसे भरले जातात थ्री-बी या दुसऱ्या रिटर्नमध्ये. मागची थ्री-बी भरली नाही तर पोर्टल पुढचा जीएसटीआर-१ भरू देत नाही, ही खरी अडवणूक. पण गडी तिमाही रिटर्नवाला. जानेवारी-फेब्रुवारीची बिलं त्याने आयएफएफने (तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांची बिलं चढवायची सोय) चढवली, मार्चअखेरचा जीएसटीआर-१ भरला आणि थ्री-बी भरलीच नाही. म्हणजे पोर्टलने दार लावेपर्यंत अख्खी तिमाही त्याची झाली.

एप्रिलमध्ये तो म्हणाला, आता बिल मेहुण्याच्या फर्मचं येईल. मी कारणही विचारलं नाही. नशीब, मेहुण्याला वेळेवर गाड्या मिळेनात म्हणून व्यवहार आपोआप सुटला.

जीएसटीचा नियम ३७ए सांगतो, पुरवठादाराने ३० सप्टेंबरपर्यंत थ्री-बी भरली नाही तर आपण ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट उलटवायचं. तेवढ्यात केलं तर व्याज लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोर्टलकडून तसे मेलही गेले होते. आमचा मेल गेला दोन वर्षांपूर्वी काम सोडलेल्या अकाउंटंटच्या पत्त्यावर. तुमच्या पोर्टलवर कोणाचा ईमेल आहे, ते आज उठून बघा.

२०२४ च्या जूनमध्ये खात्याचं पत्र आलं. अधिकाऱ्यांनी फाईल मागवली आणि ब्रोकरचं बिल व ड्रायव्हरने दिलेली बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल ताब्यात घेतल्याची पावती) शेजारी शेजारी ठेवली. बिल्टी भलत्याच ट्रान्सपोर्टची, त्यावर शिक्का: जीएसटी माल पाठवणाऱ्याने भरायचा. म्हणजे आम्ही. दोन्ही कागद वर्षभर एकाच टाचणीत होते. 'हा कर मी स्वतः भरतो' असं जे लेखी निवेदन ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलावर लागतं, तेही नव्हतं. बिल्टी स्वतः न काढणारा मुळात जीटीए, म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रान्सपोर्टवाला, कसा, हा सीए मॅडमचा प्रश्न मला दीड वर्ष उशिरा कळला.

व्याज धरून १ लाख ३५ हजारांच्या पुढे भरले. नोटीस निघायच्या आत डीआरसी-०३ ने, म्हणजे आपणहून कर भरायच्या फॉर्मने, भरले म्हणून दंड टळला. आरसीएमचं काय, म्हणजे त्या भाड्यावरचे ५ टक्के आम्हीच भरायचे होते का, हा दुसरा प्रश्न अजून लटकलेला आहे. ब्रोकरने उद्या थ्री-बी भरली तर क्रेडिट परत घेता येतं म्हणे. त्याच्या गाळ्याला कुलूप आहे, नोंदणी रद्द, फोन बंद.

आता जीएसटी नंबर टाकून पोर्टलवर कोणाचंही रिटर्न भरलंय का, हे मी स्वतः बघतो. लॉगिनही लागत नाही, दोन मिनिटांचं काम. जीएसटीआर-१ नव्हे, थ्री-बीचा रकाना बघायचा. बिलाची मूळ रक्कम लगेच देतो, कराची रक्कम त्या रकान्यात तारीख दिसल्यावर. यावर दोघे चिडून गेले, एक टिकला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बाराचे अठरा टक्के झाले. मागच्या महिन्यात एक नवा ब्रोकर तेच वाक्य घेऊन आला, फक्त आकडा बदललेला. मी त्याच्याकडे स्वतःच्या नावाची बिल्टी आणि ते निवेदन मागितलं. "संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप करतो," म्हणाला. अजून आलेलं नाही.