ओव्याचे फूल, ऑक्झॅलिक की कडुनिंब? नवी मुंबईच्या हवेत वरोआवर काय चालते

आधी एक विचारून घेतो: तुमच्या मधमाश्यांच्या पेटीत देशी सातेरी माशी आहे की युरोपियन मेलिफेरा? सातेरी आणि वरोआ कोळी, म्हणजे मधमाश्यांच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी, यांची ओळख फार जुनी. ती अंगावरचा कोळी स्वतःच झाडून काढते आणि तिच्याकडे तो बहुतेक पोळ्यातल्या नर अळ्यांच्या घरांतच वाढतो, त्यामुळे तिला सहसा औषध लागत नाही. मेलिफेराकडे तो कामकरी माश्यांच्या घरांतही पोसला जातो. पुढचे सगळे तिच्यासाठी.

औषधाआधी मोजणी. ब्रूडच्या, म्हणजे अंडी-अळ्यांच्या चौकटीवरून, राणी नाही ना हे पाहून, अर्धा कप म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीचे झाकण असलेल्या बरणीत घ्या. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलक्या हाताने फिरवा, दोन मिनिटे थांबा आणि साखर पांढऱ्या ताटलीत झाडा. पाण्याचे चार थेंब टाकले की साखर विरघळते आणि तांबूस, चपटे, तिळाहून लहान कोळी दिसू लागतात. नऊ किंवा जास्त दिसले तर उपाय करायलाच हवा. साखरेने माखलेल्या माश्या परत पेटीत सोडा, बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात.

माझी पहिली पसंती ओव्याच्या फुलाला, म्हणजे थायमॉलला. अमृतधारेत पडते तेच हे. पेटीत मात्र नुसते थायमॉल, कापूर-पुदिनाफूल नाही. त्याची वाफ माश्यांच्या अंगावरचे कोळी मारते, पण अळ्यांच्या बंद घरांवरच्या मेणाच्या झाकणाखाली पोचत नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा, तोवर झाकणाखालचे कोळी बाहेर आलेले असतात. खरी अडचण आपल्या उन्हाची. थायमॉलला १५ ते ३० अंश मानवते. बेलापूरच्या अंगणात मी पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये पूर्ण मात्रा ठेवली. संध्याकाळी माश्या पेटीच्या तोंडाशी दाढीसारख्या लोंबत होत्या आणि राणीने अंडी घालणे थांबवले होते. तेव्हापासून फक्त डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत, पेटी गर्द सावलीत आणि सुरुवात निम्म्या मात्रेने. तयार जेलच्या ५० ग्रॅमच्या मात्रेत १२.५ ग्रॅम थायमॉल असते, त्यावरून हिशेब करा. मधाच्या चौकटी आधी काढा, नाहीतर मधाला ओव्याचा वास लागतो.

ऑक्झॅलिक आम्ल पालकात, आंबुशीत असते. स्वस्त आहे, उन्हाची इतकी धास्ती नाही. साखरेच्या पाकात मिसळून दोन चौकटींमधल्या माश्यांनी भरलेल्या प्रत्येक फटीत ५ मिली ओततात. पण तेही झाकणाखाली जात नाही, आणि आपल्याकडे राणी जवळजवळ वर्षभर अंडी घालते. म्हणजे बहुतेक कोळी बंद घरांत सुखरूप! पूर्ण फायदा हवा तर अंडी थांबून बंद घरे रिकामी व्हावीत म्हणून राणीला सुमारे २४ दिवस पिंजऱ्यात ठेवावे लागते, आणि नवख्या हाताने राणी दुखावण्याचा धोका असतो. हातमोजे आणि चष्मा तर हवाच.

फॉर्मिक आम्ल या सगळ्यांत एकटेच झाकणाखालीही पोचते. पण उकाड्यात त्याने राणी दगावते. आपल्याकडे नको.

कडुनिंबाबद्दल लोक फार आशेने विचारतात. घरचा, पूर्वापारचा, मलाही वाटले होते. पण तेल फवारले की कोळ्यांबरोबर माश्या आणि अळ्यांनाही इजा होते, परिणामही एकसारखा नाही. माझे स्पष्ट मत, पेटीत वापरू नका.

दोनच पेट्या असतील तर थंडीत थायमॉल, आणि इतर महिन्यांत नरांची बंद घरे असलेला पोळ्याचा तुकडा कापून काढा. कोळी आधी तिथेच गर्दी करतात. नर २४ दिवसांत बाहेर पडतात, त्याआधी कापायला हवे. थायमॉलची दुसरी मात्रा संपल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा साखरेची बरणी घ्या. आकडा अजून नऊ किंवा जास्त असेल तर राणी पिंजऱ्यात ठेवून ऑक्झॅलिक, तेही आधी हे केलेल्या माणसाला शेजारी उभे करूनच.