घरातल्या घरात स्वतःचीच साईट उघडेना: स्प्लिट डीएनएसचा ८ महिन्यांचा अनुभव

घरी रास्पबेरी पाय ४ (हाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) वर नेक्स्टक्लाउड, म्हणजे फोटो-फाईली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायचं सॉफ्टवेअर, बसवलं, स्वतःचं डोमेन घेतलं, इंटरनेटवाल्याला जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घेतला, आणि पहिल्याच रविवारी डब्लिनहून ताईचा फोन, "अरे मस्त उघडतंय, पिल्लूचे फोटो टाकलेत बघ." आणि इकडे सर्व्हर ज्या टेबलावर आहे त्याच टेबलाशी बसलेल्या आईच्या फोनवर तोच पत्ता टाकला तर राउटरचं लॉगिनचं पान! आईला वाटलं तिनेच काहीतरी चुकीचं दाबलं. मला ते फार लागलं, कारण हा सगळा खटाटोप तिला नातीचे फोटो बघता यावेत म्हणूनच होता.

दोन रात्री घालवल्यावर कारण कळलं. डोमेनचा पत्ता विचारला की डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी इंटरनेटची डिरेक्टरी) आपला बाहेरचा, म्हणजे पब्लिक आयपी सांगतो. घरातला फोन त्या आयपीकडे निघतो, पण तो आयपी तर आपल्याच राउटरचा, मग बऱ्याच राउटरना वाटतं हा माझ्याशीच बोलायला आलाय आणि ते स्वतःचं पान दाखवतात. समजा राउटरने पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरलेल्या यंत्राकडे पाठवायची सेटिंग) लावून निरोप सर्व्हरकडे दिला, तरी सर्व्हरला दिसतं की मागणारा तर १९२.१६८.१.२० आहे, घरातलाच, म्हणून तो राउटरला वगळून थेट उत्तर देतो. फोन वाट बघत असतो पब्लिक आयपीच्या उत्तराची, भलत्याच पत्त्यावरून आलेलं उत्तर तो फेकून देतो. ही भानगड राउटरने येता-जाता दोन्हीकडे पत्ते बदलून सांभाळायची असते, त्याला हेअरपिन नॅट म्हणतात, काही राउटरमध्ये नॅट लूपबॅक नावाने सापडेल. माझ्या फायबरच्या डब्यात ती सोय नव्हतीच.

आधी वाटलं आईला सरळ सर्व्हरचा घरातला पत्ता, १९२.१६८.१.५०, टाकून देऊ. पण साईट खरी असल्याची खात्री ब्राऊझरला देणारं सर्टिफिकेट डोमेनच्या नावावर, त्यामुळे ब्राऊझरची लाल वॉर्निंग, त्यात नेक्स्टक्लाउड म्हणतं हे डोमेन विश्वासू यादीत नाही, आणि आई देवळात किंवा मावशीकडे गेली की तो पत्ता चालणारच नाही. मग लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलमध्ये (डीएनएसच्या आधी बघितली जाणारी नाव-पत्त्यांची यादी) नाव लिहिलं, घरात चाललं, पण लॅपटॉप ऑफिसला नेला की तिथेही तो १९२.१६८ च शोधत बसायचा. आणि अँड्रॉइड फोनवर रूट केल्याशिवाय ती फाईल बदलताच येत नाही.

शेवटी पाय-होल बसवलं, म्हणजे घरातल्या घरात चालणारा स्वतःचा डीएनएस सर्व्हर. त्यात लोकल डीएनएस रेकॉर्डमध्ये एकच ओळ, माझं डोमेन म्हणजे १९२.१६८.१.५०, आणि राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या डिव्हाइसना आयपी आणि डीएनएस वाटणारी सोय) डीएनएस म्हणून पायचा पत्ता. बाहेर नाव विचारलं की पब्लिक आयपी मिळतो, घरात विचारलं की घरचा, यालाच स्प्लिट डीएनएस म्हणतात. नाव एकच, सर्टिफिकेट तेच, आईच्या ऍपमध्ये पत्ता एकच. पायचा आयपी मात्र राउटरमध्ये रिझर्व्ह करून ठेवा, नाहीतर एक दिवस तो बदलेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

आता ८ महिन्यांत जे अडलं ते सांगतो, कारण सेटअपच्या लेखांत हे कुणी नीट लिहीत नाही. मी दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवला होता, असू दे अडीअडचणीला म्हणून. तर साईट कधी उघडायची कधी नाही, कारण फोन दुसऱ्या डीएनएसला राखीव समजत नाही, मनात येईल त्याला विचारतो. तो काढला. मग बाबांच्या फोनवर तरीही नाही, तिथे प्रायव्हेट डीएनएसमध्ये (राउटरने दिलेला डीएनएस सोडून दुसऱ्यालाच गुपचूप विचारायची सेटिंग) कुणीतरी बाहेरच्या सर्व्हरचं नाव भरून ठेवलं होतं, अँड्रॉइड ९ पासून ही सेटिंग आहे, ती ऑटोमॅटिकवर आणली. ब्राऊझरमधलं सिक्युअर डीएनएस पण असंच परस्पर बाहेर विचारतं, तेही बघा. आणि सगळ्यात जास्त छळलं आयपीव्ही६ ने, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीने, राउटर त्या बाजूने स्वतःचाच डीएनएस सगळ्यांना वाटत होता आणि पाय-होलला कुणी विचारतच नव्हतं. राउटरचं ते वाटणं बंद केलं तेव्हा कुठे घर शांत झालं.

अजून एक, पोर्टचं, म्हणजे एकाच आयपीवरच्या दाराच्या नंबरचं. मी बाहेर ८४४३ ठेवून आत ४४३ वर फॉरवर्ड केलं होतं. स्प्लिट डीएनएसमध्ये मधे राउटर येतच नाही, मग ८४४३ चं ४४३ करणार कोण? सर्व्हरलाच ८४४३ वरही ऐकायला लावलं.

मित्राकडे ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) राउटर आहे, त्यात पोर्ट फॉरवर्ड केलं की लूपबॅक आपोआप चालू असतं, त्याला हे काहीच करावं लागलं नाही. पण त्याच्या सर्व्हरला घरातलं प्रत्येक डिव्हाइस राउटरच्याच आयपीवरून आल्यासारखं दिसतं. एकदा जुन्या टॅबमध्ये चुकीचा पासवर्ड राहिला, तो तास न् तास लॉगिन करत बसला, आणि नेक्स्टक्लाउडने हल्ला समजून त्या आयपीला, म्हणजे अख्ख्या घरालाच, हळू केलं. म्हणून राउटरमध्ये सोय असली तरी मी स्प्लिट डीएनएसच म्हणेन.

फायदा सगळ्यात जास्त कळला तो रस्ता खोदताना केबल तुटली तेव्हा. दोन दिवस नेट नव्हतं, पण आईचे फोटो नेहमीसारखे उघडत होते, कारण त्यातलं काहीच घराबाहेर जात नाही. व्हिडिओही न अडकता चालतात. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, त्यामुळे दोन-चार दिवस नेट नसलं तरी फरक पडत नाही. मी ते डीएनएस चॅलेंजने, म्हणजे डोमेन माझंच आहे हे डीएनएसमध्ये नोंद टाकून दाखवून, घेतो, त्यासाठी ८० नंबरचं पोर्ट उघडावं लागत नाही.

कमी एकच, पाय बंद पडला की घरात कुणाचंच नेट चालत नाही, नेट असूनसुद्धा. लाईट गेली तेव्हा राउटर छोट्या यूपीएसवर चालू आणि पाय बंद, बाबांची मीटिंग अडकली. आता पायलाही बॅकअप दिलाय, आणि जुन्या पाय ३ वर दुसरं पाय-होल लावतोय, त्यातही तीच ओळ टाकून, म्हणजे दुसरा डीएनएस म्हणून तो बिनधास्त देता येईल.

करणार असाल तर आधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे, बाहेरून पोर्ट उघडणारच नाही, आधी पब्लिक आयपी मागा. मग लॅपटॉपवर एनएसलूकअप ही कमांड लावून आपलं डोमेन विचारा. उत्तर घरातून १९२.१६८ चं आणि मोबाईल डेटावरून पब्लिक आयपीचं आलं, की मगच आईचा फोन हातात घ्या.