पुष्परचनेच्या आधारासाठी मोठ्या पानांची मिश्र जुडी: परीक्षण

फुले हव्या त्या कोनात उभी राहावीत म्हणून सर्रास वापरला जाणारा हिरवा फ्लोरल फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनपासून तयार होतो. तो कुजत नाही आणि त्याचा भुगा सूक्ष्म प्लास्टिक होऊन पाण्यात मिसळतो, म्हणूनच ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मनाई केली. या फोमला नैसर्गिक पर्याय म्हणून विकली जाणारी, उष्ण प्रदेशांत सजावटीसाठी वाढवल्या जाणाऱ्या मोठ्या पानांची एक मिश्र जुडी मी मागवली होती. तिच्यात ॲस्पिडिस्ट्रा, मॉन्स्टेरा, कॉर्डिलाइन आणि कॅलॅथिया अशी चार प्रकारची पाने होती.

यांपैकी खरे काम करते ते ॲस्पिडिस्ट्राचे पान. ते लांब, जाड आणि चिवट असते. टोक मागे वळवून पानाचाच देठ त्यातून आरपार खोचला की दोरा, तार काहीही न लागता पक्के वेटोळे तयार होते. अशी काही वेटोळी फुलदाणीच्या तोंडाशी एकमेकांना दाबून बसवली की त्यांच्या फटींत गुलाबाचा देठ घट्ट धरला जातो आणि फुलदाणी फिरवली तरी कलंडत नाही. शिरा समांतर असल्यामुळे नखाने चिरून त्याच्या सरळ पट्ट्या काढता येतात आणि पसरट भांड्याच्या तोंडावर त्या आडव्या-उभ्या विणून जाळीही करता येते. एवढी वाकवावाकवी सोसूनही पान फुलांच्या आधी कोमेजले नाही, हे विशेष.

मॉन्स्टेराचा उपयोग वेगळा आहे. त्याच्या नैसर्गिक खाचांतून आणि छिद्रांतून देठ ओवले की पान झाकणासारखे वरून आधार देते, आणि मान टाकणाऱ्या जरबेऱ्याला तो चांगलाच मानवतो. मात्र पानाचा देठ पाण्यात बुडालेला हवा, आणि चीक त्वचेला झोंबतो म्हणून कापताना हातमोजे घालावेत. जुडीतले एक पान इतके कोवळे, पोपटी होते की ते काही तासांतच लोळागोळा झाले. विक्रेत्याने असे पान आधाराच्या नावाखाली द्यायलाच नको होते.

कॉर्डिलाइन काचेच्या फुलदाणीला आतून गुंडाळण्यापुरते ठीक. कॅलॅथियाबद्दल मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे: नक्षी देखणी, पण पान पातळ आणि लगेच कडा वळणारे, त्यामुळे फुलांना धरणे दूरच, त्यालाच कोणीतरी धरावे लागते. ते जुडीत केवळ शोभेसाठी आले आहे, हे उघड आहे.

पाण्यात बुडालेला पानाचा भाग कुजू लागला की जिवाणू वाढतात आणि फुलांचे आयुष्य घटते, म्हणून पाने आधी स्वच्छ पुसून घ्यावीत आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. फोमच्या बाबतीत हा खटाटोप नसतो, हे मान्य करायला हवे. शिवाय ग्लॅडिओलससारखे उंच, जड दांडे पानांना पेलत नाहीत. तिथे इकेबाना या जपानी पुष्परचनेतील केन्झान, म्हणजे खिळ्यांची जड धातूची बैठक, तळाशी ठेवावीच लागते.

मिश्र जुडीची शिफारस मी करणार नाही. त्याऐवजी ॲस्पिडिस्ट्राची सुटी पाने आणि सोबत गडद हिरवी, पूर्ण जून झालेली मॉन्स्टेराची एक-दोन पाने मागवावीत.