सीपीएल फिल्टर: पावसाळ्यात घाटात फोटो काढायला जात असाल तर घ्याच

गेल्या जूनमध्ये १८-१३५ एमएमच्या झूम लेन्ससाठी ६७ एमएम व्यासाचा सीपीएल, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर, लेन्सच्या पुढे बसवायचा फिरता फिल्टर घेतला, अडीच हजारांना पडला. अख्खा पावसाळा वापरला, ताम्हिणीत तीनचार फेऱ्या झाल्या, सप्टेंबरात कासला जाऊन आलो, आणि आता लिहितोय.

भिजलेलं रान डोळ्याला हिरवंगार दिसतं पण फोटोत पांढुरकं येतं ना, त्याचं कारण ओल्या पानांवर चमकणारा आभाळाचा उजेड, तो हिरव्यावर साय धरल्यासारखा बसतो. फिल्टरची पुढची रिंग हळूहळू फिरवली की एका जागी ती साय निघून जाते आणि खालचा खरा हिरवा वर येतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नुसती रिंगच फिरवत उभा होतो. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवून हे जमत नाही, कारण चमकेखाली दबलेला रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो.

होतं असं की प्रकाशाच्या लाटा एरवी सगळ्या दिशांना थरथरत येतात, पण पाण्यावरून किंवा काचेवरून तिरक्या परतल्या की बऱ्याचशा आडव्याच थरथरतात. फिल्टर एकाच दिशेची थरथर आत सोडतो, म्हणून रिंग अशी लावायची की आडवी अडेल. ओढ्याच्या पाण्याकडे साधारण ३७ अंश उतरत्या नजरेने बघितलं तर तळातले गोटे स्वच्छ दिसतात, वाकून सरळ खाली बघितलं तर काही फरक नाही. स्टील, क्रोमच्या चमकेवरही चालत नाही, गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांनी लक्षात घ्या.

आकाश गडद निळं हवं असेल तर सूर्याला काटकोनात उभं राहायचं. पहिलं बोट सूर्याकडे धरा, अंगठा ताठ करून मनगट फिरवा, अंगठा जिकडे जाईल तिकडे परिणाम सगळ्यात जास्त. पण १८ एमएमवर, म्हणजे लेन्स सगळ्यात वाइड (रुंद दृश्याला) असताना, आकाशाचा मधला पट्टा काळपट आणि कडा फिक्या येतात, ते मला अजिबात आवडलं नाही, वाइडला मी फिल्टर काढूनच ठेवतो.

फिल्टर उजेड दीड स्टॉप तरी खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). धबधब्याला शटर स्लो करायला उलट बरंच आहे, पण संध्याकाळी झाडीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढतो. लेन्सवर कडेचा उजेड अडवणारा हूड लावला की रिंगपर्यंत बोट पोचत नाही, हा रोजचा त्रास.

घेताना दुकानात लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर धरून बघा. फिल्टरची पुढची बाजू स्क्रीनकडे करून फिरवला की काळाकुट्ट व्हायला पाहिजे, उलटा धरून फिरवला तर तसा होत नाही. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर तो सर्क्युलर नाही, साधा लिनियर पोलरायझर आहे, डीएसएलआरचा ऑटोफोकस त्याने गडबडू शकतो. मी आधी एक स्वस्तातला घेतला होता, त्याने सगळे फोटो पिवळट आले, म्हणून पांढऱ्या कागदावर धरून रंगही तपासा.

आणि एक, इंद्रधनुष्याचा प्रकाशही असाच एका दिशेत थरथरणारा असतो. ताम्हिणीत दरीवर कमान आली तेव्हा माझी रिंग पानांसाठी लावलेली होती आणि कॅमेऱ्यात कमानीचा वरचा भाग जवळजवळ नव्हताच, पाव फेरा फिरवला तर रंग डोळ्याला दिसत होते त्याहून गडद. तेव्हा कमान दिसली की आधी रिंग फिरवा, मग क्लिक करा.