शाळेतलं स्कूटर ट्रेनिंग : मुलांना एकदम झकास, पण वेळ फारच कमी

लंडनमध्ये बऱ्याच प्रायमरी शाळांत लहान मुलांना किक स्कूटर (पायाने ढकलत चालवायची, बिनइंजिनाची) नीट चालवायला शिकवतात, खर्च कौन्सिल म्हणजे इथली पालिका करते म्हणून आपल्याला फुकट. लेक इयर टू मध्ये (सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग) आहे, तिच्या वर्गाचं नुकतंच झालं आणि मदतनीस पालक हवे होते म्हणून मीही प्लेग्राउंडवर होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आधी स्कूटरची तपासणी. हँडल दुमडायची क्लिप पक्की बसलीय का, चाकं सरळ आहेत का, ब्रेक लागतो का. अर्ध्या पोरांच्या क्लिपा लोंबत होत्या, कोणी घरी बघतच नाही बहुतेक. मग हेल्मेट, आणि इथे हसूच आलं, सगळ्यांची हेल्मेटं वरातीतल्या फेट्यासारखी मागे कललेली आणि कपाळ उघडं! भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्या कानाखाली जुळलेल्या, हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जातील इतपत घट्ट, असं एकेकाचं बसवून दिलं.

खरी मजा ब्रेकची. मागच्या चाकावरचं मडगार्ड पायाने दाबायचं असतं, पण पोरं बूट घासत थांबतात (नवीन बुटांची टोकं कुठे जातात ते कळलं का). खडूची रेघ मारून वेगात यायचं आणि रेघेआधी थांबायचं, असं पुन्हा पुन्हा करून घेतलं.

पण मला सगळ्यात पटला तो ड्राइव्हवेचा भाग. इकडे घरासमोरच गाड्या लावतात आणि फुटपाथ ओलांडून रिव्हर्स घेत बाहेर काढतात, मागे कमरेएवढं पोर असलं तर ड्रायव्हरला दिसतच नाही, त्यात कुंपणाची झाडी. तर ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडून गेटं केली, एक ट्रेनर गाडी बनून बीप बीप करत मागे यायचा आणि मुलांनी प्रत्येक गेटापाशी हळू होऊन आत डोकावायचं. आपण नुसतं "हळू जा गं" ओरडतो, कुठे आणि का ते सांगतच नाही. रस्ता आला की उतरायचं, स्कूटर हातात धरून चालत ओलांडायचा, फुटपाथवर आधी चालणाऱ्यांना वाट द्यायची, हेही झालं.

आता तक्रारी. एक तर तासभरसुद्धा नाही, पोरांचा हात बसेपर्यंत संपलं. दुसरं म्हणजे तीनचाकी आणि दोनचाकी एकाच गटात! तीनचाकी अंग कलवून वळते, दोनचाकी हँडलने, सगळ्यांना एकच सूचना दिली तर निम्म्यांचा गोंधळ होणारच ना. ज्यांच्याकडे स्कूटर नव्हती ती बिचारी नंबर लागायची वाट बघत बसली. आणि खऱ्या फुटपाथवर नेलंच नाही, बाकी पालकांना तर काय शिकवलं तेही माहीत नाही, एक कागद दिला तो दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला असणार.

तरी पाचपैकी चार देईन. शाळेतून फॉर्म आला तर डोळे मिटून सही करा, आदल्या रात्री हँडलची क्लिप घट्ट करा आणि नंतर आठवडाभर शाळेच्या वाटेवर प्रत्येक गेटापाशी पोराकडून तेच करून घ्या.