नाशिक की वाई?

नदीकाठचं जुनं गाव, घाट, देवळं आणि आसपास थोडी भटकंती हवी असेल, तर मुंबईकराचं घोडं बहुतेक इथेच अडतं: गोदावरीचं नाशिक की कृष्णेची वाई?

स्वतःची गाडी नसेल तर सरळ नाशिक. सकाळी दादर-ठाण्याहून तपोवन एक्स्प्रेस पकडली की जेवणाआधी पंचवटीत. नाशिकरोड स्टेशनापासून पंचवटी दहाएक किलोमीटर, तेवढी रिक्षा धरून चाला. वाईला रेल्वे नाही. महाबळेश्वरची एसटी किंवा गाडी, आणि शनिवारी सकाळी बोरघाटात अडकलात तर सुट्टीचा अर्धा दिवस तिथेच.

बघायला नाशकात जास्त आहे, हे कबूल. १९३० च्या सत्याग्रहाचं काळाराम मंदिर, पांडवलेण्यांतली २४ लेणी, तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर आणि गोदावरीचा उगम असलेला ब्रह्मगिरी. मिसळीबद्दल तर बोलायलाच नको. पण रामकुंडावर निवांत बसायला मिळेल ही आशा सोडा. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे.

निवांतपणा वाईत आहे. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. आत जाण्याआधी त्याच्या पाठीमागे जाऊन या: भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी कापण्यासाठी. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीच्या अंगावर, पाणी कमरेला लागलं की गळ्याला. वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा घाट आणि तिथली अवजड घंटा. ती वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांची. नाशकातली नारोशंकराची घंटाही वसईचीच म्हणतात. म्हणजे विरार लोकलच्या वाटेवरची लूट दोन नद्यांच्या काठी टांगलेली! संध्याकाळी मेणवलीच्या पायऱ्यांवर बसून मला हेच सुचत राहतं. पुढे धोमचं नरसिंह मंदिर, नाहीतर पसरणी घाट चढून पाचगणी. पाचगणी वगळलीत तरी चालेल, ती गर्दी तुम्ही मुंबईत रोज बघता.

आईवडील बरोबर असतील तर एक लक्षात ठेवा: त्र्यंबकेश्वरच्या रांगेत सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास जातात. वाईत रांग नाही, पण घाटाच्या पायऱ्या आहेत, गुडघ्यांना विचारून ठरवा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी नाशिकच सांगेन. स्वतः मात्र वाईला जातो, दिवाळीनंतर, आणि शक्यतो मंगळवार-बुधवार रजा टाकून.